जुन्या व्हेनेशियन धाटणीचे हाताने फुंकलेले पेले: किंमत, पारख आणि वापर

प्रश्न थोडक्यात असा आहे. 16 व्या शतकातल्या व्हेनिसच्या नमुन्यावर बेतलेले, उंच दांड्याचे, अंगात पांढऱ्या रेघा असलेले पेले घ्यायचे आहेत. एका विक्रेत्याकडे जोडी काही शे रुपयांत मिळते. दुसऱ्याकडे दिसायला तसाच एक पेला वीसपट किमतीला आहे. दोघेही ‘हाताने फुंकलेला’ असंच सांगतात. मग फरक खरा आहे का, तो ओळखायचा कसा आणि असले पेले घरात रोज वापरता येतात का?

फरक खरा आहे. मी भट्टीपुढे पायाचे पेलेच करते, म्हणून सविस्तर लिहिते. जुन्या काचकामात आकार कागदावर ठरून मग काचेत उतरलेला नाही. काच कुठली होती, ती किती वेळ मऊ राहायची, आधी काय जोडलं आणि नंतर काय, यातून तो आकार घडला. तो क्रम पाळणारा कारागीर जुन्या पेल्याच्या जवळ जातो. नुसती बाहेरची रेषा उचलणाऱ्याची वस्तू फोटोत बरी दिसते, पण हातात घेतली की जड लागते, तोल चुकलेला असतो. किंमतीतला बराचसा फरक इथेच आहे.

आधी काचेबद्दल. काच फुंकण्याची कला इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर सुरू झाली. व्हेनिसचं काचकाम तिथपासून कैक शतकं पुढचं. आगीच्या भीतीने 1291 मध्ये व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने भट्ट्या जवळच्या मुरानो बेटावर हलवायला लावल्या आणि तिथे 1450 च्या सुमारास आंजेलो बारोव्हिएरच्या कारखान्यात ‘क्रिस्टाल्लो’ नावाची जवळजवळ रंगहीन काच तयार झाली. वाळूऐवजी नदीतल्या पांढऱ्या गारगोट्या दळून घ्यायच्या. सोड्यासाठी सीरियाकडून येणारी वनस्पतींची राख पाण्यात उकळून, गाळून, आटवून शुद्ध करायची. लोहामुळे येणारी हिरवट झाक घालवायला चिमूटभर मँगनीज टाकायचं. अशी काच बराच वेळ मऊ राहते, पातळ फुगवता येते आणि तिच्यावर चिमटे काढून पंख, नागमोडी वळणं, फुलं करता येतात. व्हेनिसचे पेले हातात कागदासारखे हलके लागतात ते यामुळे. पण राख फार शुद्ध केली की चुनाही निघून जायचा आणि चुना कमी पडलेली काच हवेतल्या दमटपणाने हळूहळू खराब होते. आधी ओलसर, चिकट लागते, मग तिच्यात बारीक तडे जातात. संग्रहालयांतल्या काही जुन्या वस्तू या रोगाने आजारी आहेत आणि त्यांना ठरावीक आर्द्रतेत जपावं लागतं.

इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टलाही हाच रोग आडवा आला. 1674 मध्ये त्याला नव्या काचेचं पेटंट मिळालं, पण सुरुवातीच्या वस्तूंना तडे जाऊ लागले. मग त्याने शिशाचं प्रमाण वाढवलं. शिशाची काच वजनदार, तिच्यात प्रकाश खेळतो, पण व्हेनिसच्या काचेसारखं पातळ, चिमट्याचं नाजूक काम तिला शोभत नाही. म्हणून इंग्रजांचे पेले पुढे साधे, भरीव दांड्याचे झाले. बोहेमियाची (आजच्या चेक प्रजासत्ताकातला प्रदेश) पोटॅशवाली काच कडक, त्यामुळे तिथे चाकावर कापकाम आणि कोरकाम बहरलं. तेव्हा ‘व्हेनेशियन नमुना’ असं लिहून कोणी जाड शिशाच्या काचेचा, कापकाम केलेला पेला दाखवत असेल, तर दोन देशांची सरमिसळ झाली आहे हे समजा. पेला सुंदर असेलही, पण व्हेनिसचा नमुना तो नाही.

आता पेला होतो कसा ते बघू, कारण पारख त्यातूनच करायची आहे. भट्टीत वितळलेली काच लोखंडी फुंकनळीच्या टोकावर गुंडाळून घ्यायची, गुळगुळीत पोलादी पाट्यावर लोळवून गोल करायची आणि फुंकर घालायची. पेल्याचं पोट म्हणजे हा पहिला फुगा. त्याच्या बुडाशी गरम काचेचा छोटा गोळा टेकवून चकती करायची. तिच्यावर दांडा बसतो. व्हेनिसमध्ये दांडा बहुधा पोकळ असतो: वेगळा छोटा फुगा, कधी साच्यात फुंकलेला, म्हणून त्यावर कलिंगडासारख्या फाका किंवा सिंहमुखं उठलेली दिसतात. त्याखाली पुन्हा चकती, मग तळ. हा तळही फुग्याचाच. तो उघडून, फिरवत फिरवत पसरवायचा आणि कडा आत वळवून घ्यायची. त्या वळणाने कडेला बळकटी येते.

इथपर्यंत पेला नळीवर उलटा आहे. म्हणजे तोंड नळीला चिकटलेलं आणि तळ आपल्याकडे. मग मदतनीस दुसऱ्या सळईच्या टोकावर गरम काचेचा ठिपका घेऊन येतो, तो तळाच्या मध्यावर टेकवतो आणि आपण नळीकडचा भाग तोडून पेला त्या सळईवर घेतो. त्या क्षणी सगळा पेला त्या एका ठिपक्यावर तोललेला असतो. आता तोंड भट्टीत पुन्हा तापवायचं, वाढलेली काच कात्रीने कापायची आणि चिमट्यासारख्या लांब पात्यांनी हलकेच उघडून हवा तो घेर द्यायचा. यात तोंड तापवताना दांडा आणि तळ फार थंड होऊन चालत नाहीत, तडकतात. फार गरम झाले तर वाकतात. दर काही सेकंदांनी नजर एकाच वेळी तीन ठिकाणी ठेवावी लागते. शेवटी सळईवर टकटक केलं की पेला सुटतो आणि सुमारे 500 अंशांच्या पेटीत जातो. तिथे तो रात्रभर हळूहळू निवतो. निवण्यात घाई झाली तर आत ताण राहतो आणि वरून ठणठणीत दिसणारा पेला पुढे कधीतरी आपोआप फुटतो.

मुरानोत हे काम एकटा माणूस करत नाही. बाकावर उस्ताद बसतो, त्याला काच आणून देणारे, तळ तयार ठेवणारे, दार सांभाळणारे मदतनीस असतात आणि सगळ्यांचा ताल जमलेला असावा लागतो. शिवाय काच वितळवणारी भट्टी रात्रीही विझवत नाहीत. काम असो नसो, इंधन जळतच राहतं. 2021 च्या अखेरीस युरोपात गॅसचे दर भडकले तेव्हा मुरानोतल्या कितीतरी भट्ट्या बंद ठेवायची वेळ आली. महाग पेल्याच्या किमतीत हे सगळं धरलेलं असतं.

आता पांढऱ्या रेघा. हा माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग आहे, जरा रेंगाळते. दुधी पांढऱ्या काचेच्या गोळ्यावर स्वच्छ काचेचा थर चढवायचा, दुसऱ्या बाजूने दुसरी सळई चिकटवायची आणि दोघांनी एकमेकांपासून लांब चालत जायचं. मधली काच ताणली जाऊन पेन्सिलीएवढी बारीक, कित्येक मीटर लांब दोरी होते, आत पांढरी रेघ जशीच्या तशी. ताणताना पीळ दिला तर आत पीळदार नक्षी उमटते. थंड झाल्यावर तुकडे करायचे, ते तव्यावर शेजारीशेजारी मांडायचे, चिकटेपर्यंत तापवायचे आणि नळीच्या टोकावर काचेचं कडं करून त्यावर ती मांडणी लोळवत उचलायची. शिवण जुळवून खालचं तोंड चिमटून बंद केलं की रेघांचा फुगा तयार. पीळदार दोऱ्यांच्या कामासाठी सेरेना घराण्यातल्या भावांनी 1527 मध्ये व्हेनिसच्या सरकारकडे मक्ता मागितला होता, इतकी ती युक्ती मोलाची होती.

त्यातला कळस म्हणजे ‘रेतिचेल्लो’, जाळीची काच. एक फुगा उजवीकडे पीळ दिलेल्या रेघांचा, दुसरा डावीकडे. पहिल्याचं तोंड उघडून वाटीसारखं ठेवायचं आणि दुसरा त्याच्या आत फुगवायचा. रेघांच्या जागी काच थोडी उंचावलेली असते, त्यामुळे दोन भिंती चिकटताना प्रत्येक चौकोनात हवा अडकते आणि तिचा एक एक बुडबुडा होतो. सगळी जाळी नीट आली तर प्रत्येक घरात एक बुडबुडा, तळाकडे मोहरीहून बारीक, तोंडाकडे मोठा होत गेलेला. तो बुडबुडा कोणी वेगळा बसवलेला नाही. दोन फुगे खरोखर एकात एक गेले आहेत, म्हणून तो आला. भिंगातून पाहा. नुसत्या उभ्या-आडव्या रेघांची जाळी असेल आणि घरं रिकामी असतील, तर ती छापलेली किंवा रंगवलेली आहे, किंवा दोन फुग्यांऐवजी एकावरच काम झालं आहे.

प्रश्नातल्या साध्या रेघांच्या पेल्यालाही हीच कसोटी लागते. काचेत दोऱ्या घातलेल्या असतील तर रेघ काचेच्या आत असते, नखाला लागत नाही. पोट फुगतं तिथे दोन रेघांमधलं अंतर वाढतं, रेघ किंचित रुंदावते. तळाशी सगळ्या रेघा एका बिंदूकडे धावतात. छापील पट्टीत हे होत नाही. रेघ वरच्या अंगाला असते, बोटाला उठाव लागतो आणि तळाकडे ती कुठेतरी अचानक संपते.

जुन्यावरून नवं घडवण्याला लोक कधीकधी हलकं समजतात, ते मला पटत नाही. 1797 मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक संपलं आणि त्यानंतर मुरानोचा धंदा इतका खालावला की बरीच कृती विस्मरणात गेली. 1861 मध्ये व्हिन्चेन्झो झानेत्ती या पाद्रीने तिथे संग्रहालय उभं करायला हातभार लावला आणि आंतोनियो सालव्हियातीसारख्या उद्योजकाने कारागिरांना हाताशी धरून जुन्या पेल्यांच्या नकला करवल्या. त्या नकला करता करता गेलेली कृती हातात परत आली. आज आपण ज्याला परंपरा म्हणतो तिचा मोठा भाग या 19 व्या शतकातल्या अभ्यासाने जिवंत राहिला आहे. अमेरिकेतल्या कॉर्निंगच्या काच संग्रहालयाशी जोडलेले विल्यम गुडेनरॅथ यांनीही हेच केलं. जुना पेला समोर ठेवायचा, त्यावरच्या खुणांवरून क्रम ताडायचा आणि भट्टीवर करून बघायचा. आम्ही सगळेच त्यांच्याकडून शिकलो आहोत.

नकलेच्या पुढची पायरी पाहायची असेल तर 1921 सालचं एक काम बघा. पाओलो वेनिनी आणि जाकोमो कापेल्लिन यांच्या नव्या कारखान्यासाठी चित्रकार व्हित्तोरियो झेक्किन याने एक फुलदाणी केली. पाओलो व्हेरोनेझ या 16 व्या शतकातल्या चित्रकाराच्या एका चित्रात काचेची फुलदाणी रंगवलेली आहे, तिच्यावरून. पोट गोल, मान अरुंद, तोंड उघडलेलं, खाली गोळी आणि पसरता तळ. वर एकही पंख नाही, फूल नाही, सोन्याची रेघ नाही. सालव्हियातीच्या काळात नक्षी वाढत वाढत फार झाली होती. झेक्किनने ती सगळी बाजूला सारून जुन्या काचेचा पातळपणा आणि फुग्याची मूळ गोलाई तेवढी ठेवली. त्या फुलदाणीला चित्रकाराचंच नाव मिळालं, ती कारखान्याचं बोधचिन्ह झाली आणि अजूनही तयार होते. जुन्यातून काय घ्यावं याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

पारखीकडे परत येते. पेला उलटा करा. तळाच्या मध्यावर सळई तुटल्याची खडबडीत खूण दिसेल, किंवा ती घासून गुळगुळीत केल्याची गोल खोलगट जागा. पण एवढ्यावर विश्वास टाकू नका, कारण ती खूण मुद्दाम करता येते. तळाच्या कडेवरून नख फिरवा: शिवणकामात काठाला दुमड घालतात तशी दुहेरी कडा लागली तर तळ फुग्यातून उघडलेला आहे. मग तोंडाची कड. भट्टीत तापवून उघडलेली कड मऊ, गोलसर आणि अगदी किंचित जाड असते. थंड काच कापून घासलेली कड सपाट लागते. तीही वाईट नाही, आज अनेक चांगले कारखाने साच्यात फुंकून तोंड असंच कापतात, पण जुन्या व्हेनेशियन पद्धतीत ती बसत नाही. दांड्यावर किंवा पोटावर समोरासमोर दोन उभ्या शिवणी दिसल्या तर पेला दोन झडपांच्या साच्यातून आला. उलट शिवण नाही म्हणून साचा नाही असंही नसतं. ओल्या साच्यात काच फिरवत फुंकली की शिवण पुसली जाते. शेवटी, सहा पेले शेजारी ठेवा. हाताने केलेल्यांत उंचीचा थोडा फरक असतोच. तो दोष धरू नये. पण प्रत्येक पेला टेबलावर न डगमगता उभा राहिला पाहिजे आणि तोंड आडवं, सरळ असलं पाहिजे. डुगडुगणाऱ्या पेल्याला ‘हातकामाची गंमत’ म्हणून कोणी खपवत असेल तर घेऊ नका.

स्वस्त जोडीबद्दल एक शक्यता फार मोठी आहे. बाजारात ‘हाताने फुंकलेलं’ म्हणून येणारं बरंच काम तयार बोरोसिलिकेट नळ्या बर्नरच्या ज्योतीवर तापवून केलेलं असतं, म्हणजे प्रयोगशाळेच्या परीक्षानळ्या ज्या काचेच्या असतात तीच काच. हेही हाताचंच काम आहे, त्याला कसब लागतं आणि विक्रेता खोटं बोलत नाही. पण भिंत सगळीकडे सारख्या जाडीची, पेला फार हलका, रंग मर्यादित. भट्टीवरच्या कामाशी त्याची किंमत ताडून पाहणं दोघांवरही अन्याय आहे. विक्रेत्याला सरळ विचारा: काच भट्टीतून घेतली की नळीतून? ज्याला माहीत आहे तो लगेच सांगतो.

मुरानोचंच हवं असेल तर व्हेनेतो प्रांताने 1994 च्या कायद्याने सुरू केलेलं ‘व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ हे चिन्ह बघा. ते वापरणं कारखान्यांवर सक्तीचं नाही, त्यामुळे चिन्ह नाही म्हणजे माल खोटा असा अर्थ काढू नका. पण असेल तर भरवसा वाढतो.

आपल्याकडे करून घेता येईल का, हाही प्रश्न आहे. फिरोजाबादला भट्टीवर फुंकणारे उत्तम हात आहेत. ताजमहालाच्या परिसरातल्या उद्योगांत कोळसा जाळायला 1996 च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, तेव्हापासून तिथल्या भट्ट्या गॅसवर गेल्या. हंड्या, झुंबरांचे पेले, दिव्यांच्या काचा यांवर त्यांचा हात बसलेला आहे. महाराष्ट्रालाही हा धंदा परका नव्हता. 1908 मध्ये लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभा राहिलेला तळेगाव दाभाड्याचा पैसा फंड काच कारखाना, कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचे प्रभाकर कंदील, हे घरोघरी माहीत होतं. तेव्हा फुंकणारे हात आपल्याकडे नाहीत असं नाही. अडचण पायाच्या पातळ पेल्याची आहे. त्यासाठी काच, निवण्याची पेटी आणि जमलेली तुकडी एका जागी लागते. कारागिराला फोटो पाठवून ‘हुबेहूब असं’ सांगू नका. त्याला एखादा जुना पेला, निदान त्याची चांगली आडवी-उभी मापं आणि भिंतीची जाडी द्या आणि पहिल्यांदा पंखांचं, फुलांचं काही मागू नका. साधं पोट, एक गोळी, दुमडलेला तळ एवढंच जमवून घ्या. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात युरोपीय काचेचा मोठा संग्रह आहे. जमल्यास काम द्यायच्या आधी तिथे एक दिवस घालवा, नजर तयार होते.

रोजच्या वापराबद्दल. भट्टीवरचे असे पेले बहुधा ज्या साध्या सोडा-चुन्याच्या काचेचे असतात, ती तापल्यावर बोरोसिलिकेटच्या जवळपास तिप्पट प्रसरण पावते. त्यामुळे चहा, कढण, गरम दूध यात अजिबात नको आणि फ्रिजमधून काढून लगेच गरम पाण्याखाली धरणंही नको. सरबत, पन्हं, सोलकढी, वाइन खुशाल प्या. पेला शिशाच्या काचेचा असेल तर पिण्यापुरता ठीक, पण आंबट पेय त्यात तासन्तास ठेवू नका, शिसं उतरतं. आतल्या बाजूला लाल, नारिंगी, पिवळा रंग असेल तर तो कशाचा आहे ते विचारून घ्या, कारण हे रंग बऱ्याचदा कॅडमियमचे असतात. रंगाच्या आत स्वच्छ काचेचा थर असेल तर चिंता नाही. डिशवॉशर टाळा. धुताना एका हाताने पोट आणि दुसऱ्या हाताने तळ धरून पीळ देऊ नका, दांडे सगळ्यात जास्त असेच तुटतात. पोट धरून पोट धुवा, तळ धरून तळ पुसा, आणि पालथे न घालता उभेच ठेवा, म्हणजे पातळ कडेवर भार येणार नाही.

सहा पेले हवे असतील तर आठ मागवा. कारागीर तसेही जास्त करतो, कारण काही पेटीतून तडकून निघतात. त्यातले एकमेकांशी जुळणारे सहा निवडायची मुभा आधीच मागून घ्या आणि उरलेल्या दोघांचे पैसे आनंदाने द्या. पुढे एखादा फुटला तर त्याच हाताचा, त्याच भट्टीचा जोडीदार पुन्हा मिळेलच असं नसतं.